स्वच्छरावांची नात

आमचे भाऊजी कुणालाही भेटले की आधी त्याच्या कानामागे बघतात, तोंडाकडे नंतर. कानामागे मळ दिसला की त्या माणसाची किंमत त्यांच्या लेखी संपली, मग तो न्यायाधीश असो नाहीतर न्हावी. गल्लीत त्यांना पाठीमागे 'स्वच्छराव' म्हणतात आणि तोंडावर 'शेठ'. दोन्ही नावं त्यांना माहीत आहेत आणि त्यातलं पहिलं त्यांना जास्त आवडतं. यावरून माणूस काय आहे ते समजा.

मी त्यांची धाकटी मेहुणी. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चुकीचं उत्तर छातीठोकपणे सांगणारी माणसं मला रोजच भेटतात, पण ती निदान लहान असतात. मेहुणीनं भाऊजींची टिंगल करायची हा जगजाहीर हक्क आहे आणि तो मी आजवर मनापासून बजावत आले. पण पुढे जे सांगणार आहे त्यात मला टिंगलीपेक्षा संताप जास्त येतो, कारण भाऊजींच्या शहाणपणापायी एका दातही न आलेल्या पोरीची कातडी सोलून निघाली.

भाऊजींचा साबणाचा कारखाना आहे. 'कारखाना' हा त्यांचा शब्द. रस्त्याकडे दुकान, दुकानाच्या मागे एक लांबट खोली आणि वर राहतं घर, एवढा तो कारखाना. खोलीत तेलाची मोठी कढई, कॉस्टिक सोड्याचं पिंप, लाकडी साचे, लाद्या कापायची तार, आणि भिंतीला छतापर्यंत फळ्या ठोकून त्यावर सुकत ठेवलेल्या वड्या. वडी तयार झाली की नाही हे भाऊजी जिभेनं ठरवतात. जिभेचं टोक वडीला लावायचं. झोंबलं तर सोडा अजून कच्चा आहे, नाही झोंबलं तर माल दुकानात. गिऱ्हाईक समोर असलं की हे काम ते डोळे मिटून, गाणं ऐकत असल्यासारखं करतात. उभा जन्म जीभ साबणाला लावली, पण जिभेचा कडवटपणा काही धुतला गेला नाही.

जगात रोग एकच, घाण; आणि औषध एकच, भाऊजींची वडी. त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या ताईची, पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी तिला नीट चोळून आंघोळ करायला सांगितलं. मुलगा नापास झाला तेव्हा त्यालाही डोकं स्वच्छ धुवायचा सल्ला मिळाला. ताईशी पहिली भेट झाली तेव्हा तिचं नाव विचारायच्या आधी त्यांनी तिला विचारलं होतं, "केस कशानं धुता?" ताई लाजली. मी तेव्हाच उठून जायला हवं म्हणून खुणावत होते, पण त्या वयात बायकांना लाजणं आधी सुचतं आणि उठणं नंतर.

घरात त्यांचा एक नियम होता. केस, कपडे, भांडी आणि माणसं, सगळ्याला एकच साबण. न्हाणीघरातल्या फळीवर प्रत्येकाची वडी वेगळी, ओळीनं मांडलेली. सकाळी भाऊजी स्वतः जाऊन कुणाची वडी किती झिजली ते बघायचे. वडी कोरडी दिसली की त्या माणसाची नाश्त्याच्या वेळी हजेरी घेतली जायची. "वडी खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. मी एकदा राहायला गेले असताना माझी वडी तशीच कोरडी ठेवून आले, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी मला ती बशीत ठेवलेली मिळाली.

अशा घरात सूनबाई आली. बँकेत कामाला होती. बोलायला हळू, ऐकायला पक्की. तिचा नवरा, म्हणजे माझा भाचा, गावोगाव साबणाची ऑर्डर घेत फिरतो आणि घरी आला की वडिलांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. यथावकाश नात झाली. गोरीगोमटी, गुबगुबीत. घरात तिला ठकी म्हणायला लागले. भाऊजींनी तिच्यासाठी वेगळ्या छोट्या साच्यात वड्या पाडल्या आणि वर नक्षी उमटवली. साबण मात्र तोच, ज्यानं दुकानाची पायरी घासली जाते.

ठकीला दोन वेळा आंघोळ. पाणी कडकडीत, कारण कोमट पाण्यानं मळ निघत नाही असं आजोबांचं म्हणणं. अंग घासायचं तेही खरखरीत फडक्यानं, गुलाबी होईस्तोवर. थंडी सुरू झाली तशी ती आंघोळीनंतरची गुलाबी जाईना. गाल लाल राहायला लागले, हाताला खरखरीत लागायला लागले. मग कोपराच्या आणि गुडघ्याच्या वळ्या फुटल्या, कानांच्या मागे चीर पडली आणि तिथून पाणी झरायला लागलं.

कानांच्या मागे! भाऊजींना हा स्वतःचाच अपमान वाटला.

"सूनबाई, पोरीला नीट धूत नाहीस," ते म्हणाले आणि तिसरी आंघोळ सुरू झाली.

जितकी धुवावी तितकी पोर जास्त लाल आणि जितकी लाल तितकी जास्त धुवावी. शाळेतलं पोरगं गणित चुकलं की निदान खोडून बघतं. आमचे स्वच्छराव तेच चुकलेलं उत्तर आणखी ठळक गिरवत होते. पोरगी झोपेना, दूध पितानाही मधेच तोंड सोडून गाल आईच्या अंगावर घासायची. हातांना मोजे घातले तर ती मान वळवून चादरीवर तोंड घासायची, आणि चादरीवर लाल रेघा उमटायच्या. सूनबाई त्या चादरी स्वतः धुवायची. कशानं धुवायची ते सांगायला नकोच.

सल्ल्यांना तर ऊत आला होता. शेजारची म्हातारी म्हणाली रक्तात उष्णता आहे. समोरच्या घरातली म्हणाली आईचं दूध बाधतंय, तोडून टाक. कुणी म्हणालं सूनबाईनं गरोदरपणी आंबट फार खाल्लं. मजा अशी की कारणं वेगवेगळी असली तरी गुन्हेगार प्रत्येक वेळी सूनबाईच. शेवटी भाऊजींचा दोस्त, कोपऱ्यावरचा औषधवाला आला. त्यानं दारातूनच, चष्मा कपाळावर असतानाच पोरीकडे नजर टाकली आणि निकाल दिला, "नायटा आहे. ही ट्यूब चोळा." ट्यूब चोळली. चमत्कारच! बघता बघता गाल स्वच्छ झाले आणि भाऊजी औषधवाल्याला मिठी मारून आले. ट्यूब थांबवली तशी आग परत आली ती दुप्पट. मग पुन्हा ट्यूब, पुन्हा स्वच्छ, पुन्हा दुप्पट. दोघे उंटावरचे शहाणे मिळून एका तान्ह्या पोरीला आगीतून फुफाट्यात नेत होते आणि वर एकमेकांची पाठ थोपटत होते.

त्यानंतर भाऊजींनी ठकीला दुकानात आणायची बंदी केली. आधी रोज सकाळी तिला गल्ल्याशेजारी बसवून ठेवत. आता कुणी विचारलं तर "झोपलीय" म्हणत. बाहेर न्यायचीच वेळ आली तर लांब बाह्या आणि कानटोपी. उन्हात पोर घामाघूम व्हायची, घामानं आणखी खाजायची. पण साबणवाल्याच्या घरची कातडी चारचौघांत दिसता कामा नये!

मी त्या वेळी दर रविवारी तिथे जेवायला जात असे. अशाच एका रविवारी टेबलाशी सूनबाईनं धीर केला.

"बाबा, हिला एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

भाऊजींनी हातातला पेला खाली ठेवला. "कुणाला?"

"लहान मुलांचं बघणाऱ्या बाई आहेत एक. आमच्या बँकेच्या मागच्या रस्त्याला."

"साबणवाल्याची नात कातडीच्या डॉक्टरच्या दारात बसणार? शेजारच्या खुर्चीत आपलंच गिऱ्हाईक बसलेलं असेल. उद्या गल्लीभर होईल, स्वच्छरावाच्या घरात खरूज निघाली म्हणून!"

"खरूज नाहीये ती."

"मग काय आहे?"

"तेच तर डॉक्टरांना विचारायचंय, बाबा."

मला राहवेना. "भाऊजी, तुम्हाला काळजी पोरीची आहे की वडीची?"

"दोन्ही एकच आहे, मेहुणीबाई," ते शांतपणे म्हणाले. "या घरात जे खाल्लं जातं ते वडीतनंच येतं. तुम्ही आत्ता जेवलात तेसुद्धा."

हे मात्र खरं होतं. मूर्ख माणूस मधेच एखादं खरं बोलतो तेव्हा त्याच्याशी वाद घालणं फार अवघड जातं. भाच्यानं मान डोलावली. ताईनं त्यांना भात वाढला. सूनबाई उठून आत गेली.

त्या आठवड्यात ठकीच्या गालावर पिवळी खपली धरली आणि अंग तापलं. सूनबाईनं मला शाळेत फोन केला. "मावशी, मी निघालेय. तुम्ही याल?" एवढंच. मी उरलेला तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात मारला आणि निघाले.

दवाखाना साधाच होता. भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात मोडकी खेळणी, आणि इतकी खाजवणारी मुलं की मला बसल्याजागी खाज सुटली. एकाची आजी त्याचे हात धरून बसली होती, दुसरीचे केस कुणीतरी भादरले होते. भाऊजींना वाटत होतं की हे फक्त आपल्या घरात आहे आणि म्हणून लपवायचं. इथे अर्धी गल्ली तेच लपवून बसली होती. आमच्या शेजारी खरंच भाऊजींचं एक गिऱ्हाईक निघालं. त्यानं आम्हाला ओळखलं, आणि पहिलं काय केलं असेल तर आपल्या पोराची बाही खाली ओढली.

डॉक्टरीणबाई वयानं सूनबाईहून थोड्याच मोठ्या. त्यांनी ठकीला पूर्ण उघडी केली, उजेडात नेली, प्रत्येक वळी बोटानं उघडून बघितली. औषधवाल्यानं दारातून जे उरकलं होतं त्याला इथे चांगला वेळ लागला.

"आंघोळ किती वेळा?"

"तीन," सूनबाई खाली मान घालून म्हणाली.

"तीन? का?"

"हिच्या आजोबांचं म्हणणं असतं."

"आजोबा काय करतात?"

"साबण."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. हसू आवरत होत्या की राग, ते कळलं नाही. मग पुढचा प्रश्न. "घरात आणखी कुणाला असं? अंगाला खाज, कातडी फुटणं, दमा, सारखी सर्दी?"

"नाही, कुणालाच नाही," सूनबाई म्हणाली.

मी पण मान हलवत होते, आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे भाऊजींचे हात आले. बोटांच्या पेरांवर भेगा, मनगटाशी जाड झालेली काळपट कातडी, आणि कढईपाशी उभं राहून कोपराची वळी खसाखसा खाजवायची ती सवय. ते हात आम्ही इतकी वर्षं बघत होतो आणि 'कामाचे हात' म्हणून कौतुक करत होतो. एवढंच काय, ताई सांगायची की सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे भाऊजी लहानपणी इतके खाजवायचे की त्यांना शाळेत मागे, एकटं बसवायचे. 'घाणेरडा' म्हणायची पोरं. म्हणजे हा स्वच्छतेचा सगळा डोलारा कुठून उभा राहिला तेही मला त्या खुर्चीत बसून कळलं, आणि क्षणभर त्यांची दया आली. पण ठकी रडत होती, म्हणून ती दया मी बाजूला ठेवली.

"आहे," मी म्हणाले. "आजोबांनाच आहे."

"मग बरोबर," बाई म्हणाल्या. "याला एक्झिमा म्हणतात. जुनी माणसं इसब म्हणायची. हा नायटा नाही, खरूज नाही, घाण नाही, आणि कुणाला लागत नाही. काही मुलांची कातडी जन्मतःच ओल धरून ठेवू शकत नाही. तिच्यावरचं होतं नव्हतं ते तेलही तुम्ही रोज तीनदा उतरवत होतात."

"माझ्या दुधानं नाही ना झालं?" सूनबाईनं विचारलं. इतके दिवस तिच्या मनात हेच अडकून बसलं होतं.

"नाही. दूध चालू ठेव."

सूनबाई तिथेच रडायला लागली. मी पदराची, रुमालाची माणूस नाही, म्हणून नुसती तिच्या पाठीवर थापटत राहिले.

मग बाईंनी सगळं नीट समजावलं. एकच आंघोळ, कोमट पाण्यात, चटकन आटपायची. हा साबण बंद म्हणजे बंद. अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच बिनवासाचं जाडसर क्रीम डोक्यापासून पायापर्यंत थापायचं. दिवसातून पुन्हा पुन्हा, बरं दिसत असलं तरीही. सुती मऊ कपडे, नखं बारीक. खपली धरली होती त्यासाठी पोटात घ्यायचं औषध दिलं आणि लाल जागांसाठी एक सौम्य मलम. सूनबाईनं पिशवीतून औषधवाल्याची ट्यूब काढून दाखवली तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"हे मोठ्या माणसानंसुद्धा न विचारता लावू नये. ही तर तान्ही आहे."

"आणि तुम्ही दिलंय त्यात तेच नाही ना?"

"जात एकच, स्टेरॉइडची; ताकद अगदी वेगळी. सांगितलेल्या जागी, सांगितले तितकेच दिवस लाव. पण भिऊन कमीही लावू नकोस, नाहीतर आग अर्धवट विझते. आणि हे परत परत येईल. थंडीत येईल, दात येताना येईल. आलं की लगेच ओळखायचं आणि लगेच आवरायचं. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून सुटतात." मग त्यांनी औषधांचा कागद पुढे सरकवला. "पहिल्यांदा गाल लाल झाले तेव्हाच आणली असतीत, तर हिला इतकं सोसावं लागलं नसतं."

सूनबाईनं ठकीला उचलून घेतलं आणि आम्ही निघालो.

आता प्रश्न फळीवरच्या वडीचा. घरी जाऊन खरं सांगायचं तर भाऊजी कारखाना डोक्यावर घेणार, आणि पोरीचं क्रीम पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात जाणार. सूनबाई आणि मी घराच्या जिन्यात उभ्या राहून कुजबुजत होतो, तोच ताई वरून खाली आली. तिनं सगळं ऐकलं होतं. जन्मभर 'हो' म्हणत आलेली माझी ताई म्हणाली, "वडीचं माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवसापासून ठकीची आंघोळ दार लावून व्हायला लागली. आत सूनबाई कोमट पाण्यानं पोरीला न्हाऊ घालायची आणि ताई गुडघ्यावर बसून ठकीच्या नक्षीदार वडीनं न्हाणीघराची फरशी घासायची. फेस दाराखालून बाहेर येईल इतकी घासायची. सकाळी भाऊजी फळीपाशी जाऊन वडी बोटांत धरत, उजेडात फिरवून बघत आणि खूश होऊन मान हलवत. वडी खोटं बोलत नाही! त्या फरशीची पिवळी झालेली सांध इतकी पांढरी झाली की भाच्यानं नवीन बसवली का म्हणून विचारलं.

ठकी सावरायला लागली. आधी खपली गेली, मग कानामागची चीर भरली, मग गाल मऊ झाले. पोर पहिल्यांदा सलग झोपली तेव्हा सूनबाई सारखी जाऊन तिचा श्वास बघून येत होती. थंडीच्या शेवटी कोपरापाशी पुन्हा एकदा लाली आली, पण आता सूनबाईला ओळखता येत होतं. तिनं त्याच दिवशी मलम सुरू केलं आणि ते वणवा व्हायच्या आत विझलं. इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते.

पण भाऊजी होते ना! नातीचे गाल बघून त्यांची छाती फुगली. कानटोपी उतरली, बाह्या वर गेल्या, ठकी पुन्हा गल्ल्याशेजारी येऊन बसली. आणि गिऱ्हाईक आलं की भाऊजी तिचा गाल हलकेच चिमटीत धरून सांगायला लागले, "बघा. अंग सगळं फुटलं होतं हिचं. डॉक्टर नाही, गोळी नाही. नुसता आपला साबण, नेमानं, तीन वेळा. घरची वडी साक्षीला आहे." ज्या पोरीला त्यांनी जगापासून लपवलं तीच आता त्यांची जाहिरात झाली होती. माणसाला लाज नसली की धंदा कसा भरभराटतो ते मी त्या दुकानात पाहिलं. नक्षीच्या छोट्या वड्या 'बाळांसाठी खास' म्हणून वेगळ्या मांडल्या गेल्या आणि भराभर खपायला लागल्या.

"अगं, हे थांबवायला हवं," मी ताईला म्हणाले.

"घरात आत्ता कुठे शांतता आहे," ताई म्हणाली. "पोर बरी आहे ना? मग बोलू देत त्यांना."

खाली दुकानात बाळाच्या रडण्याचा आवाज आला की सूनबाईचे हात थांबायचे, हे मी बघत होते. ज्या मुलांसाठी त्या वड्या जात होत्या त्यांच्या चादरी तिला न बघता दिसत असणार.

मग एका रविवारी आम्ही जेवायला बसायच्या आधी एक बाई दुकानात आली. गल्लीतली नव्हती. बस बदलून, चौकशी करत आलेली, चेहऱ्यावर धूळ. खांद्यावर मूल, नखशिखांत गुंडाळलेलं. मी दुकानातच स्टुलावर बसून पेपर वाचत होते. ताई दाराशी होती. सूनबाई ठकीला घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर.

"साबणानं बाळाचं अंग बरं होतं ते दुकान हेच ना?" बाईनं विचारलं.

"हेच," भाऊजी उठून उभे राहिले. "दाखवा."

तिनं मुलाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. ठकी होती तशीच. थोडी जास्तच. गालांवर ओली पिवळी खपली, मान खाजवून खाजवून सोलवटलेली. मुलगा रडतही नव्हता, नुसता आईच्या खांद्यावर गाल घासत होता.

"घाबरू नका," भाऊजी म्हणाले आणि छोट्या वड्या कागदात गुंडाळायला लागले. "तीन वेळा, कढत पाण्यानं, चांगला फेस करून. आमची नात बघा, ही तिथे..."

"अहो, हा साबण लावू नका त्याला," सूनबाई म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की भाऊजींना आधी ऐकूच आला नसावा. मग त्यांचे हात थांबले. "सूनबाई, वर जा."

"नाही, बाबा. हिला तुमचा साबण लावणं मी केव्हाच बंद केलंय. डॉक्टरांकडे नेलं त्याच दिवसापासून. त्यानंतर ही बरी झाली. त्या बाळाला तापही असेल, त्याला आजच दाखवायला पाहिजे."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. "खोटं! रोज वडी झिजते. मी स्वतः बघतो. अगं, सांग हिला!" ते ताईकडे वळले.

ताईनं पदर सारखा केला. "ती मी झिजवते. फरशी घासून."

"फरशी?"

"तुमच्या साबणानं ठकी नव्हे हो, फरशी बरी झाली."

आणि मी भर दुकानात खो खो हसले. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. भाऊजींनी माझ्याकडे बघत त्या भेगाळलेल्या बोटांनी पुडी घट्ट आवळली. मला वाटलं आता हे सूनबाईला घराबाहेर काढतील. ताईलाही तेच वाटलं असावं, कारण ती पुढे होऊन सूनबाईच्या शेजारी उभी राहिली.

ती परकी बाई हसली नाही. तिला आमच्या फरशीशी काय देणंघेणं? ती एकदा सूनबाईकडे, एकदा भाऊजींकडे बघत होती. मुलानं पुन्हा गाल घासला आणि तिच्या खांद्यावर ओला डाग उमटला.

"ह्याच्या थोरल्या बहिणीला काल शाळेतल्या बाईंनी वेगळं काढलं," ती म्हणाली. "तुझ्या घरात घाणेरडा रोग आहे म्हणाल्या, मागे एकटीला बसवलं." मग तिनं हात पुढे केला. "शेठ, एवढ्या लांबून आलेय. एक वडी तरी द्या. लावून बघते."

'मागे एकटीला' ऐकलं तसा भाऊजींचा हात स्वतःच्या कोपराच्या वळीकडे गेला. या माणसानं उभ्या जन्मात गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा अर्धा दिवस दुकान उघडं होतं, मी साक्षीदार आहे. त्यांनी कागदाची पुडी सोडली, वड्या एकेक करून परत फळीवर ठेवल्या, आणि तिच्याकडे पाठ असतानाच म्हणाले,

"साबण संपला."

बाईनं मान वर करून त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. छतापर्यंत वड्या होत्या. "एवढा तर आहे की!"

"संपला म्हटलं ना," भाऊजी म्हणाले. "सूनबाई, बघत काय उभी आहेस? जा यांच्याबरोबर. त्या डॉक्टरीणबाई रविवारी नसतील तर त्यांच्या घरी जा. सांग, साबणवाल्यानं पाठवलंय."

सूनबाईनं ठकीला त्यांच्याच हातात दिलं आणि चपला घालून त्या बाईबरोबर रस्त्याला लागली.